आठवीतून नववीत : सेतू उपक्रमाच्या नोंदी

८ जानेवारी

उपक्रमाला आज मंजुरी मिळाली. आठवीच्या दोन्ही तुकड्या, आठवड्याला एक तासिका, वर्ष संपेपर्यंत. शिवाय नववी सुरू झाल्यावर पहिले सहा आठवडे पाठपुरावा. काम बघणारे आम्ही तिघं: गणिताची मी, भाषेचे सर आणि मुलं ज्या हायस्कूलमध्ये जाणार तिथल्या नववीच्या एक वर्गशिक्षिका.

बैठकीत ठरलेला पहिला आराखडा सरळ उजळणीचा आहे. थोडं गणित, थोडं विज्ञान, थोडी भाषा. मी मान डोलावून आले, पण मन मानत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडून गेलेली जी मुलं पहिल्याच घटक चाचणीत घसरली, ती सगळी अभ्यासात कच्ची नव्हती. वर्गात कायम पुढे असणारी एक मुलगी ऑगस्टमध्ये मला भेटायला आली होती. काय अवघड जातंय, असं विचारलं तर म्हणाली, "बाई, अवघड असं काही नाही. पण अडलं की कुणाला विचारायचं, तेच कळत नाही."

आमच्याकडे तिच्यावर विचारायची वेळच कधी आली नव्हती. तिचा चेहरा बघून आम्हीच तिच्या बाकाशी जायचो. तिचं ते वाक्य मी उपक्रमाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

१५ जानेवारी

उजळणी सुरू करण्याआधी एक तासिका मागून घेतली. प्रत्येकाला दोन कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. एकीवर 'नववीत जायचं म्हटलं की कशाची धास्ती वाटते', दुसरीवर 'कशाची वाट बघताय'. नाव लिहायचं नाही. त्याच वेळी शिक्षकांच्या खोलीतही एक कागद फिरवला: मुलं काय लिहितील, याचा अंदाज करा.

शिक्षकांच्या कागदावर बीजगणित, विज्ञानाचा वाढलेला भाग, परीक्षा. मुलांच्या चिठ्ठ्यांमध्ये अभ्यासाचा गठ्ठा सगळ्यात लहान निघाला. मोठे गठ्ठे असे: वर्ग सापडणार नाही. मोठी मुलं त्रास देतील. मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली तर डबा खायला कोणाबरोबर बसू? एका चिठ्ठीवर एवढंच होतं: 'तिथल्या सरांना माझं नाव माहीत नसेल.' ही चिठ्ठी मी तीनदा वाचली.

मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. त्यांचं लिखाण अमेरिकेत प्राथमिकमधून ज्युनिअर हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांबद्दल आहे, म्हणजे आमच्या मुलांहून थोड्या लहान वयाबद्दल. पण मुद्दा जसाच्या तसा लागू पडतो. ज्या वयात मुलाला स्वतः निर्णय घ्यावेसे वाटतात, चारचौघांत आपण कसे दिसतो याची फार जाणीव असते आणि घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाचा आधार हवा असतो, नेमकं त्याच वयात शाळा मोठी होते, नियम वाढतात, तुलना वाढते आणि शिक्षक दूर जातात. दोष मुलाच्या वयाचा नाही आणि एकट्या शाळेचाही नाही. दोघांचा सांधा जुळत नाही.

आराखडा बदलायला हवा. उद्या सरांशी बोलते.

१७ जानेवारी

बोलले. सर लगेच तयार झाले. निम्म्या तासिका विषयांना, निम्म्या बाकीच्या गोष्टींना. त्या 'बाकीच्या गोष्टीं'ना अजून नाव सापडलेलं नाही.

२२ जानेवारी

गणिताची पायाचाचणी. गुण देणार नाही, हे आधीच सांगितलं होतं.

पहिला प्रश्न: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल? आठवीच्या मुलांना हा विचारायचा म्हणजे जरा संकोचच वाटत होता. तरी बऱ्याच जणांनी १२ लिहिलं. काहींनी सगळ्यांची बेरीज करून १७. या मुलांसाठी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम आहे, दोन्ही बाजू समान असल्याचं विधान नाही. असं मूल २क्ष + ३ = ११ सोडवतं, कारण 'तीन पलीकडे नेला की चिन्ह बदलतं' हे त्याला पाठ असतं. पण ५क्ष + २ = ३क्ष + १० आलं की थबकतं. दोन्हीकडे क्ष आहे, मग उत्तर कुठल्या बाजूला लिहायचं?

दुसरा प्रश्न मुद्दाम एका जुन्या परीक्षेतून घेतला. १२/१३ + ७/८ ही बेरीज साधारण किती? पर्याय १, २, १९, २१. नेमकं उत्तर नको, फक्त अंदाज. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना हाच प्रश्न होता आणि बरोबर उत्तर देणारी होती फक्त २४ टक्के. आमच्याकडेही १९ आणि २१ वाल्यांची गर्दी. त्यातल्या एकाला फळ्यावर बोलावून तीच बेरीज रीतीनं करायला सांगितली. लसावि काढून त्यानं १८७/१०४ असं अचूक उत्तर आणलं. मग मी विचारलं, हे साधारण किती झालं? तो गप्प. तेरातले बारा भाग म्हणजे जवळजवळ एक, आठातले सात म्हणजेही जवळजवळ एक, हे त्याच्या हाताला येत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं.

सर म्हणाले, नववीच्या तयारीत पाचवीचे अपूर्णांक कशाला? कारण नववीत ते अपूर्णांक म्हणून समोर येतच नाहीत. चढ, वेग, घनता, समप्रमाण, संभाव्यता अशा वेगवेगळ्या नावांनी येतात. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन इथल्या मुलांच्या मोठ्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार कितपत कळले होते यावरून पुढे हायस्कूलमधल्या गणिताचा अंदाज बांधता आला. बुद्ध्यांक, घरची मिळकत, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं जमेस धरूनही हा संबंध टिकला. गणिताच्या तासिकांमध्ये मी दोनच गोष्टी घेणार: बरोबरचं चिन्ह आणि संख्यारेषेवरचे अपूर्णांक. बाकी नववीचे शिक्षक शिकवतीलच.

५ फेब्रुवारी

वर्गभर दोरी ताणली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दोन. अपूर्णांकांची कार्डं चिमट्यानं लावायची. ५/६ आधी की ७/८, यावर दहा मिनिटं वाद झाला आणि मी मध्ये पडले नाही. शेवटी एकीनं सोडवला: "एकाला पोचायला दोघांनाही एकेक तुकडा कमी आहे. पण आठवा भाग सहाव्यापेक्षा लहान, म्हणजे ७/८ जास्त जवळ पोचला." हे तिचं तिनं शोधलं. दोरी काढली नाही, तशीच राहू दिली.

१२ फेब्रुवारी

आज सरांची तासिका होती, मी मागे बसून पाहिली. हायस्कूलच्या पुस्तकातला दीड पानांचा अनोळखी उतारा. निम्म्या वर्गानं तो पुन्हा पुन्हा वाचायचा. उरलेल्या निम्म्यांनी एकदा वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग उघडून काय सुटलं ते बघायचं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग साधारण असाच होता. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे. पाच मिनिटांचा तो निकाल मुलांना फसवतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असं मूल धरून चालतं.

२० फेब्रुवारी

त्या उताऱ्यावर न सांगता पाच प्रश्न विचारले. पुस्तक मिटून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं, पण फरक फार मोठा नव्हता. एका वर्गातल्या एका प्रयोगावरून मी काही सिद्ध झालं म्हणणार नाही. मात्र पुन्हा वाचणाऱ्यांपैकी एक जण जे बोलला ते जपून ठेवण्यासारखं आहे: "वाचताना वाटत होतं की येतंय."

२७ फेब्रुवारी

वेळेचं नियोजन. इथे एकच वर्गशिक्षक बहुतेक विषय घेतात, त्यामुळे उद्या चाचणी असली तर आज गृहपाठ कमी दिला जातो. तिथे सात-आठ शिक्षक आपापलं काम देणार. एकानं काय दिलंय ते दुसऱ्याला ठाऊक नसणार. ती बेरीज मुलालाच करावी लागणार.

मुलांना आठवडाभर एक तक्ता भरायला दिला होता: काम, किती वेळ लागेल असं वाटलं, प्रत्यक्षात किती लागला. आज तक्ते समोर ठेवून बसलो. जवळजवळ सगळ्यांचा अंदाज कमी निघाला आणि काही मुलं त्यामुळे खजील झाली. तेव्हा त्यांना १९९४ चा एक अभ्यास सांगितला. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५. एवढ्या मोठ्या मुलांचंही असंच होतं म्हटल्यावर चेहरे उजळले. मग काम बदललं: तीन आठवड्यांचा प्रकल्प घ्यायचा आणि शेवटच्या तारखेपासून मागे येत टप्पे पाडायचे. आपला अंदाज किती चुकतो हे तक्त्यात दिसतंच आहे, तेवढी वाढ धरून.

६ मार्च

आज चूक झाली. माझ्याकडून.

मदत मागण्याचा सराव घ्यायचा होता. त्या 'बाकीच्या गोष्टीं'चं नाव मला एव्हाना सापडलं होतं आणि ते हेच. शॅरन नेल्सन-ल गॉल यांनी १९८१ मध्ये मदत मागण्यात एक फरक दाखवला. काम अंगावरून जावं म्हणून मागितलेली मदत वेगळी आणि पुढच्या वेळी स्वतःला जमावं म्हणून मागितलेली वेगळी. 'उत्तर सांगा' ही पहिली. 'इथपर्यंत आलं, पुढची पायरी का अशी?' ही दुसरी. मुलांना दोन्ही वाक्यं बोलायला लावली आणि समोरच्यानं शिक्षक व्हायचं. 'मला काहीच कळलं नाही' या वाक्यापाशी शिक्षक झालेली मुलंच अडखळली. एक म्हणाली, "आता मी सुरुवात कुठून करू?" तिच्या या प्रश्नानं सगळ्यांना मुद्दा कळला.

इथपर्यंत छान चाललं होतं. मग खिडकीपाशी बसणाऱ्या, वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या मुलाला मी पुढे बोलावलं. वाटलं, इथे सराव झाला तर तिथे जमेल. तो उभा राहिला, कान लाल, शब्द फुटेना. मी म्हणत राहिले, "बोल, बोल, कोणी हसत नाहीये." खरंच कोणी हसत नव्हतं, पण सगळे बघत होते. तासिका संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

१० मार्च

तो दोन दिवस आला नाही. आज आला तेव्हा मधल्या सुट्टीत त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही, पण निघूनही गेला नाही. मग मी विचारलं, लिहून विचारलेलं चालेल का? मान हलली.

ज्याला मदतीची गरज सगळ्यात जास्त, तोच सगळ्यात कमी विचारतो, कारण विचारणं म्हणजे आपण कच्चे आहोत अशी जाहीर कबुली, असं त्याला वाटतं. हे मला ठाऊक होतं. तरीही मी त्याला चाळीस जणांसमोर तीच कबुली द्यायला उभं केलं. यापुढे सराव फक्त जोडीत. आणि मदत मागायचे तीन मार्ग, तिन्ही सारख्या मोलाचे: तासानंतर एकट्यानं जाऊन, वहीच्या समासात लिहून, किंवा आधी मित्राला विचारून मग दोघांनी मिळून.

१३ मार्च

प्रत्येकानं आपलं 'जर-तर' वाक्य लिहिलं. पीटर गॉलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना: 'मी अभ्यास करीन' असा नुसता निश्चय करण्यापेक्षा 'अमुक झालं, तर मी तमुक करीन' असं प्रसंगाला बांधून ठरवलेलं तडीला जाण्याची शक्यता जास्त असते. मुलांची काही वाक्यं: 'जर दहा मिनिटं एकाच गणितावर अडलो, तर अडलेल्या पायरीखाली रेघ मारून पुढचं घेईन.' 'जर जेवायला कोणी ओळखीचं दिसलं नाही, तर एकट्या बसलेल्या मुलीला विचारीन, इथे बसू का.' खिडकीपाशीच्या मुलानं आपलं वाक्य घडी घालून माझ्या हातात दिलं. ते इथे लिहीत नाही.

२० मार्च

हायस्कूलची भेट. नुसतं फिरवून आणायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. रांगेत फिरलेलं मूल रांग लक्षात ठेवतं, वाट नाही. चौघांचा एक गट, हातात इमारतीचा साधा नकाशा, सात ठिकाणं स्वतः शोधायची: ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, पाणी, स्वच्छतागृह, शिक्षकांची खोली आणि 'बरं वाटत नसेल तर जायची जागा'. नववीची मुलं जिन्याजिन्यांवर उभी होती, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं त्यांना बजावलेलं. एक गट शेवटच्या ठिकाणासाठी दोनदा वरखाली करून आला, पण विचारायला तयार नव्हता. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात लहानखुरी मुलगी जिन्यावरच्या दादाकडे गेली. बाकीचे तिघं जरा लांब उभे राहून बघत होते.

नंतर प्रश्नोत्तरं. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न: तास चालू असताना स्वच्छतागृहात जाऊ देतात का? वर्गशिक्षिकांनी नीट, पूर्ण उत्तर दिलं, याचं मला फार बरं वाटलं. दुसरा प्रश्न मोठ्या मुलांच्या त्रासाचा. त्या म्हणाल्या, "असं होणारच नाही असं मी म्हणणार नाही. झालं तर कोणाकडे यायचं ते सांगते." आणि त्या माणसाला तिथेच उभं करून ओळख करून दिली.

२ एप्रिल

पालकसभा. पहिला अर्धा तास गुणांवरच गेला. झोपेचा विषय मी आग्रहानं काढला. १३ ते १८ या वयाला रोज ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ मध्ये सांगितलंय. याच वयात शरीराचं घड्याळही पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. रात्री लवकर झोप न येणं हा नेहमी हट्टच असतो असं नाही. त्यावर उशिरापर्यंत फोनचा पडदा डोळ्यांसमोर असला की झोप आणखी लांबते. रात्री फोन दुसऱ्या खोलीत, एवढं तरी करा म्हटलं.

एक वडील म्हणाले, "आता तो मोठा झाला. आम्ही त्याच्या अभ्यासात लक्ष घालणं सोडलं." त्यांना ते समजूतदारपणाचं वाटत होतं आणि त्यामागची माया मला कळत होती. पण गृहपाठ करून देणं सोडणं वेगळं आणि विचारपूस सोडणं वेगळं. त्यांना म्हटलं, किती गुण पडले हे विचारू नका, आज कुठे अडलास ते विचारा. आणि तो सांगेल तेव्हा लगेच उपाय सांगू नका.

१६ एप्रिल

हायस्कूलला कोणती माहिती द्यायची, यावर दोन तास बैठक. वर्गशिक्षिकांना वर्तनाच्या नोंदी हव्या होत्या. सरांचा ठाम विरोध: "आठवीत कोणी खोड्या केल्या म्हणून नववीच्या पहिल्या दिवशी त्याच्याकडे तसंच बघितलं जाणार असेल, तर नवी सुरुवात कसली?" दोघांचंही पटत होतं. शेवटी ठरलं: आम्ही देणार फक्त हजेरी आणि गणितातल्या दोन संकल्पनांची स्थिती. सुरक्षिततेशी संबंधित काही असेल तर ते तोंडी, ज्याला कळायलाच हवं त्याला. बाकी ओळख मूल स्वतः पत्रातून करून देईल: मला काय आवडतं, मी कशानं गप्प होतो, मला कसं विचारलेलं चालतं.

पाठपुराव्याचे सहा आठवडे रद्द करावेत, अशीही सूचना आली. मी नाही म्हटलं. शिकागोमध्ये एलेन अॅलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी २००५ मध्ये दाखवलं की नववीत मार्गावर असलेली मुलं, म्हणजे वर्षअखेर पुरेसे विषय पुरे केलेली आणि मुख्य विषयांत एका सत्रापलीकडे नापास न झालेली, चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता मार्गावर नसलेल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होती. आठवीच्या चाचणीतल्या गुणांपेक्षा ही खूण जास्त बोलकी ठरली. आपण इथे कितीही तयारी केली तरी मूल घसरतं ते तिथे, तिथल्या रोजच्या दिवसांत.

१८ जून

नववी सुरू झाली. वर्गशिक्षिकांनी दहावीच्या मुलांनी लिहिलेली छोटी टिपणं वाचून दाखवली: नववीच्या पहिल्या महिन्यात मला काय वाटत होतं आणि मग ते कसं निवळलं. कल्पना जेफ्री बोरमन यांच्या २०१९ च्या अभ्यासावरून घेतली. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या ११ शाळांत सहावीच्या मुलांना असंच काही वाचायला आणि मग स्वतःचं लिहायला दिलं होतं. त्यानंतर गैरहजेरी कमी झाली, नापास होणंही कमी झालं. 'हे सगळ्यांनाच वाटतं आणि ते सरतं', एवढंच त्यात होतं. मला दाराशी उभं राहून ऐकायची परवानगी मिळाली. वर्ग अगदी शांत होता.

२ जुलै

आज वर्गशिक्षिकांनी एक वही दाखवली. खिडकीपाशीच्या मुलाची, गणिताची. चौथ्या ओळीखाली रेघ आणि समासात बारीक अक्षरात: 'इथपर्यंत आलं. पुढच्या ओळीत चिन्ह का बदललं?' खाली तिथल्या सरांच्या अक्षरात तीन ओळींचं उत्तर. सरांनी त्याला वर्गात नावानं पुकारलेलं नाही, पत्र वाचल्यामुळे. आठवीतल्या आमच्या भाषेच्या सरांना मी लगेच फोन केला.

९ जुलै

हजेरी एकत्र करून पाहिली आणि पोटात गोळा आला. एक मुलगी तीन आठवड्यांत नऊ दिवस अर्धवट गैरहजर. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण प्रत्येक शिक्षकाच्या नोंदीत तिचे एक-दोन तासच बुडलेले दिसतात. सकाळच्या हजेरीला ती असायची, मग दुपारी निघून जायची. सातही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हाच ते दिसलं. ही ती जानेवारीतल्या चिठ्ठीवाली मुलगी असेल का, हे मला कधी कळणार नाही. चिठ्ठ्यांवर नावं नव्हती.

वर्गशिक्षिका उद्या सकाळी तिच्याशी एकट्यानं बोलतील. पहिला प्रश्न 'का येत नाहीस' हा नसेल, 'दुपारी कुठे बसतेस' हा असेल. सोमवारपासून सातही विषयांची हजेरी एकाच तक्त्यावर येणार आणि दर शुक्रवारी आम्ही दोघी तो तक्ता वाचणार. मुलीच्या आईला संध्याकाळी मी फोन करते.